गल्ल्यावरचा हात हळू झालाय? मार्गदर्शन फोनवरून, सराव दुकानातच!



आज मार्जिन नाही, स्टॉक नाही. आज गल्ल्यावर बसणाऱ्या हाताबद्दल बोलूया.

आमच्या अण्णांनी दिलेला चेक परत आला. कारण काय, तर सही जुळत नाही. मी जुन्या उधारीच्या वह्या काढून पाहिल्या. दोन वर्षांत अक्षर मुंगीएवढं झालं होतं. हात तर फारसा थरथरतही नव्हता! डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, पार्किन्सन्स.

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजारावर लिहिलं, तेव्हा त्याला 'कंपवात' अशाच अर्थाचं नाव दिलं होतं. त्यामुळे आपण फक्त कंप शोधतो. पण मेंदूत डोपामिन कमी झालं की हालचाल हळू आणि छोटीही होते. अक्षर बारीक होतं, बटण लागत नाही, नोटा सुट्या होत नाहीत.

मी काय केलं? "अण्णा, तुम्ही आराम करा" म्हणून त्यांना गल्ल्यावरून उठवलं. प्रेमापोटीच, पण चुकलंच. हात वापरलाच नाही तर तो आणखी मागे पडतो. आणि माणूसही.

आमच्या गावात ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाही. शहरात जायचं म्हणजे अर्धा दिवस दुकान बंद. म्हणून पहिली तपासणी समोरासमोर केली आणि पुढचे सेशन व्हिडिओ कॉलवर. ते असे चालतात:

1. फोन स्टँडवर, थोडा उंच. बोटांपासून कोपरापर्यंत सगळं दिसलं पाहिजे. नुसता चेहरा दाखवून उपयोग नाही.

2. वेळ गोळीप्रमाणे. औषधाचा परिणाम चांगला असतो तेव्हाच सेशन. सकाळी गिऱ्हाईक नाही म्हणून तेव्हा उरकून घेऊ, असं चालत नाही.

3. सामान घरचंच. कपड्यांचे चिमटे, नट-बोल्ट, नाणी, शर्टाची बटणं. प्रत्येक हालचाल मुद्दाम मोठी करायची. मूठ पूर्ण उघडायची, अक्षर दोन ओळींच्या मध्ये भरून काढायचं.

4. मोजमाप हवंच. ठरावीक नाणी डब्यात टाकायला किती सेकंद लागले, ते वहीत लिहायचं. धंद्यात रोजचा हिशोब लिहितो ना, तसंच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. याने आजार बरा होत नाही. सराव थांबला की फायदाही ओसरतो. गोळीचा डोस डॉक्टरच बदलणार. खांदा दुखला, तोल गेला, तर कॉलवर भागवू नका, प्रत्यक्ष दाखवा.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "दादा, ही तर बिझनेस आयडिया आहे!" आहेच. पण इथे गिऱ्हाईक व्हिडिओ विकत घेत नाही. व्यायामाचे व्हिडिओ फुकट मिळतात. तो विकत घेतो जाणकाराची नजर: कोपर शरीराला चिकटला, हालचाल छोटी झाली, हे त्याच क्षणी सांगणारी. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे दोन्ही व्यवसाय 2021 च्या केंद्रीय कायद्याखाली येतात. त्यामुळे तुमची तशी पदवी नसेल तर थेरपिस्टला सोबत घ्या. वेळापत्रक, आठवण करणं, घरच्यांना फोन लावून देणं ही कामं तुम्ही करा. व्यायाम सांगायला जाऊ नका.

अण्णा आता रोज दुपारी दोन तास गल्ल्यावर असतात. बँकेत नवीन नमुना सही दिली. नोटा अजून हळूच मोजतात. गिऱ्हाईक थांबतं. मीही थांबायला शिकलो.

तुमच्या घरच्या गल्ल्यावर कोण बसतं? आज त्यांची दोन वर्षांपूर्वीची वही काढा आणि अक्षर शेजारी ठेवून बघा. बारीक वाटलं तर आधी डॉक्टरांकडे जा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.