अंब्रेला कंपनी निवडताना: जास्त टेक-होम हीच धोक्याची खूण

एप्रिल 2021 मध्ये ब्रिटनमधले कॉन्ट्रॅक्टरांच्या करासंबंधीचे आयआर35 चे नियम खासगी क्षेत्रातही कडक झाले. कॉन्ट्रॅक्टर खरा स्वतंत्र व्यावसायिक आहे की नावापुरता, हे ठरवण्याची जबाबदारी मध्यम आणि मोठ्या कंपन्यांवर आली. तेव्हापासून आयटीतल्या पुष्कळ जणांनी आपली लिमिटेड कंपनी गुंडाळून अंब्रेला कंपनीचा रस्ता धरला. त्यात मराठी मंडळीही आहेत. अंब्रेला तुम्हाला कागदोपत्री नोकरीवर घेते, काम मिळवून देणाऱ्या एजन्सीकडून तुमच्या कामाचे पैसे घेते आणि कर कापून पगार देते. इतकं सरळ काम असूनही निवड मात्र बऱ्याचदा मित्राच्या एका मेसेजवर होते.

‘अमक्या कंपनीत 85 टक्के हातात पडतात’ हे त्या मेसेजमधलं नेहमीचं वाक्य. याचा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. समजा, दर दिवसाला 400 पौंड, म्हणजे आठवड्याला 2,000. त्यातून कंपनीचं मार्जिन 20 पौंड जातं. मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स (एप्रिल 2025 पासून 15 टक्के) आणि अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही मिळून आणखी सुमारे 253 पौंड जातात. उरलेले साधारण 1,727 पौंड हा तुमचा खरा पगार, तोही सुट्टीचा पगार धरून. इंग्लंडमध्ये त्यावर आयकर आणि तुमचा नॅशनल इन्शुरन्स कापला की हातात 1,200 च्या आसपास राहतात, म्हणजे 60 टक्के. पेन्शन किंवा विद्यार्थी कर्जाचा हप्ता असेल तर त्याहून कमी. नियमाने चालणाऱ्या दोन कंपन्यांमध्ये फरक पडतो तो मुख्यतः मार्जिनच्या काही पौंडांचा. मग वरचे 25 टक्के येतात कुठून? न भरलेल्या करातून.

त्याची पद्धत ठरलेली आहे. पगार किमान वेतनाच्या आसपास दाखवायचा आणि बाकी रक्कम ‘कर्ज’, ‘ॲडव्हान्स’ किंवा ‘बोनस ट्रस्ट’ अशा नावाने दुसऱ्याच खात्यातून द्यायची. ‘कर्जावर कर लागत नाही’ असं सांगितलं जातं. पण जे कधीच परत करायचं नाही, ते कर्ज कसलं? रेंजर्स फुटबॉल क्लबच्या खटल्यात 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ट्रस्टमार्फत वळवलेला पैसाही पगारच आहे. अशा ‘कर्जां’वर लावलेल्या 2019 च्या ‘लोन चार्ज’ या करामुळे हजारो माणसांना जुन्या वर्षांचा कर भरण्याची वेळ आली. त्यांतल्या कित्येकांना कोणीतरी ‘पूर्ण कायदेशीर’ असंच सांगितलं होतं. या माणसांची जी ससेहोलपट झाली, ती पाहता हा विषय कोणी हलक्यात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

‘आम्ही एचएमआरसी-मान्य आहोत’ असं कंपनी म्हणाली, तर तिथेच थांबावं. एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं कर खातं, कोणत्याही अंब्रेलाला मान्यता देत नाही. करचुकव्या योजनांची यादी मात्र ते प्रसिद्ध करतात. त्या यादीत नाव नाही म्हणून कंपनी स्वच्छ, असंही नाही, कारण नावं बदलून नव्या कंपन्या उभ्या राहतात. एफसीएसए आणि प्रोफेशनल पासपोर्ट या खासगी संस्था कंपन्यांची तपासणी करतात. त्यांचं प्रमाणपत्र उपयोगी आहे, पण ते त्यांच्याच संकेतस्थळावर जाऊन पडताळावं.

‘एजन्सीने सुचवली, म्हणजे चांगलीच असणार’ हाही असाच भाबडा विश्वास. काही एजन्सींना अशा शिफारशीबद्दल कमिशन मिळतं. एप्रिल 2026 पासून अंब्रेलाने पगारावरचा कर बुडवला तर त्याची जबाबदारी एजन्सीवरही टाकण्याची तरतूद झाली. त्यामुळे एजन्सी अधिक काळजी घेतील, पण पे-स्लिप वाचायचं काम तुमचंच राहतं.

सही करण्याआधी एजन्सीकडून ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ (पगार आणि कपातींचा तपशील देणारा कागद) मागून घ्या. 2020 पासून ते देणं एजन्सीला बंधनकारक आहे. सुट्टीचा पगार दर आठवड्याला मिळतो की साठवला जातो, आणि साठवलेला मागितला नाही तर त्याचं काय होतं, हे लेखी विचारा. पहिला पगार झाला की एचएमआरसीच्या ॲपमध्ये पाहा, तिथे नोंदलेली रक्कम पे-स्लिपशी जुळते का आणि हातात आलेला सगळा पैसा त्याच पे-स्लिपवर दिसतो का. जुळत नसेल तर पुढच्या पगाराची वाट न पाहता ती कंपनी सोडा आणि एचएमआरसीला कळवा.