‘७० टक्के सूट’ म्हणजे नेमकी कशावर सूट? ऑनलाइन ऑफर्सचं गणित समजून घ्या

सांताक्रूझ स्टेशनला पश्चिमेला उतरलात की दोन मिनिटांत बाजार सुरू होतो. हसनाबाद लेनमध्ये कुणी कुर्त्याचा भाव आठशे सांगितला, तर गिऱ्हाईक चारशेपासून सुरुवात करतं. आठशे हा आकडा फक्त बोलणं सुरू करण्यापुरता आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं. शेवटी तो कुर्ता साडेपाचशेला घेतला आणि ‘अडीचशे रुपये वाचवले’ असं घरी सांगितलं, तर घरचे हसतील.

तेच गिऱ्हाईक रात्री फोन उघडतं. स्क्रीनवर ₹२,४९९ वर काट मारलेली असते. खाली हिरव्या ठळक अक्षरांत ₹७४९. बाजूला ‘७० टक्के सूट’ आणि उलटं धावणारं घड्याळ, ९ मिनिटं ४१ सेकंद. इथे मात्र घासाघीस नाही, शंका नाही. ऑर्डर जाते आणि १,७५० रुपये वाचल्याचा आनंदही होतो.

पण ₹२,४९९ ला ती वस्तू कधी कुणी विकत घेतली होती का?

काट मारलेला आकडा येतो कुठून?

बहुतेक वेळा हा आकडा एमआरपी असतो, म्हणजे कमाल किरकोळ किंमत. यातला ‘कमाल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ती वस्तू त्या किमतीला विकली जात होती, असा त्याचा अर्थ होत नाही. एमआरपी उत्पादक किंवा आयातदार ठरवतो आणि बऱ्याच वस्तूंवर ती चढीच छापलेली असते. त्यामुळे ‘एमआरपीवर ७० टक्के सूट’ हे वाक्य अक्षरशः खरं असू शकतं, आणि तरीही गेल्या महिन्यात ती वस्तू याच ₹७४९ ला मिळत असू शकते.

युरोपीय संघाने यावर एक सोपा उपाय काढला. २०२२ च्या मे महिन्यापासून तिथे किंमत कमी केल्याची जाहिरात करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. सूट मोजायची ती त्या किमतीवरून. आपल्याकडे अशी ३० दिवसांची अट नाही. त्यामुळे ते काम ग्राहकालाच करावं लागतं. मोठ्या सेलच्या दहा-पंधरा दिवस आधी हवी ती वस्तू विशलिस्टमध्ये टाकायची आणि किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण सेलच्या दिवशी खरी सूट किती, हे कळायला याहून सरळ मार्ग नाही.

२७ टक्क्यांचे १८ टक्के कसे होतात?

लहान मुलांच्या वस्तू विकणारं पुण्याचं फर्स्टक्राय अनेक आईबाबांच्या फोनमध्ये असतं. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीसीपीएने, ते चालवणाऱ्या डिजिटल एज रिटेल या कंपनीला २ लाख रुपयांचा दंड केला. आक्षेप असा होता की साइटवर एमआरपी ‘सर्व करांसहित’ असं लिहिलेलं असायचं, पण पैसे भरताना सवलतीच्या किमतीवर जीएसटी वेगळा लागायचा. २७ टक्के म्हणून दाखवलेली सूट प्रत्यक्षात १८.२ टक्के भरायची.

हे एकदा मांडून बघू. एमआरपी १,००० रुपये. २७ टक्के सूट गेली की उरतात ७३०. त्यावर १२ टक्के जीएसटी धरला तर ८७ रुपये ६० पैसे. एकूण ८१७ रुपये ६० पैसे. म्हणजे सूट १८ टक्क्यांच्या थोडी वर. एमआरपीत कर आधीच धरलेला असतो, त्यामुळे तो वेगळा लावायचं कारणच नव्हतं. एका ग्राहकाचं नुकसान ८७ रुपये. यासाठी कुणी भांडत बसत नाही, आणि नेमकं त्यावरच हे सगळं चालतं.

किंमत अशी थेंबाथेंबाने उघड करण्याला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात. आधी कमी आकडा दाखवायचा, मग हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क असं एकेक पुढे आणायचं. शेवटच्या स्क्रीनपर्यंत पोहोचलेला माणूस पत्ता भरून थकलेला असतो. तो मागे फिरत नाही.

ग्राहकाला असं गुंडाळणाऱ्या रचनांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सीसीपीएने त्याविरोधात मार्गदर्शक सूचना जारी केल्या आणि असे १३ प्रकार सांगितले. ड्रिप प्रायसिंग त्यातलाच एक. न विचारता टोपलीत एखादी वस्तू, विमा किंवा एक रुपयाची देणगी टाकणं हाही त्यात येतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याला लाजवणारा मजकूर लिहिणं, सदस्यत्व घेणं सोपं आणि रद्द करणं अवघड ठेवणं, एका वस्तूचं आमिष दाखवून दुसरीच गळ्यात मारणं, हेही त्यात आहे. जून २०२५ मध्ये सीसीपीएने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच आपली तपासणी करायला सांगितलं. परीक्षार्थीनेच पेपर तपासावा, असा हा प्रकार वाटू शकतो. तूर्तास तरी व्यवस्था अशी आहे.

‘फक्त २ शिल्लक’

आता त्या उलट्या घड्याळाकडे वळू. खोटी घाई निर्माण करणं हा त्या १३ प्रकारांपैकी एक आहे. ‘फक्त २ खोल्या शिल्लक, आत्ता ३० जण पाहत आहेत’ अशा धर्तीचं उदाहरण खुद्द मार्गदर्शक सूचनांतच दिलेलं आहे. साठा खरंच दोनच नगांचा असेल तर तसं सांगण्यात काही गैर नाही. खोटं सांगणं गैर आहे.

खरं-खोटं ओळखायचं कसं? वस्तू टोपलीत टाकून अ‍ॅप बंद करा. दुसऱ्या दिवशी उघडा. घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर असेल, तर उत्तर मिळालं.

या बाबतीत मुंबईच्या शेजारचंच एक प्रकरण आहे. नवी मुंबईचं नापतोल अनेकांना टीव्हीवरून माहीत आहे. ‘आज ऑर्डर केली नाही तर मिळणार नाही’ ही तिथली शैली घराघरांत पोहोचली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सीसीपीएने नापतोलला १० लाख रुपयांचा दंड केला. दोन सोन्याच्या दागिन्यांचा संच, गुडघ्याचा चुंबकीय पट्टा आणि अ‍ॅक्युप्रेशर चपला, या तीन वस्तूंच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरल्या. कृत्रिम टंचाई निर्माण करणारी भाषा थांबवा आणि कार्यक्रम आधी रेकॉर्ड केलेला असेल तर तसं स्पष्ट दाखवा, असंही बजावलं. पहिल्या वेळी होऊ शकणारा जास्तीत जास्त दंड १० लाखच आहे. पुन्हा तीच चूक झाली तर तो ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो.

या प्रकरणातला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जून २०२१ ते २५ जानेवारी २०२२ या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नापतोलविरोधात ३९९ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. एकेकट्याने यातलं कुणीही दहा लाखांचा दंड करून घेऊ शकलं नसतं. वैतागून का होईना, लोकांनी तक्रारी नोंदवल्या, म्हणून त्या सरकारी नोंदीत दिसल्या.

‘नो रिटर्न’ लिहिलंय, मग?

इथे बरेच जण हार मानतात. पण २०२० चे ई-कॉमर्स नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. जाहिरातीत शुद्ध सुती आणि पाकिटात पॉलिस्टर, हे सरळ यात बसतं. ‘रंग आवडला नाही’ हे मात्र बसत नाही. तिथे दुकानाचंच धोरण चालतं.

पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवला तर पुढचा वाद सोपा होतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याहून महत्त्वाचा, कारण जाहिरात एका दिवसात गायब होऊ शकते.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा नियम आहे. दाद मिळाली नाही तर १९१५ ही टोल फ्री हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ८८००००१९१५ हा क्रमांक आहे.

त्यानेही भागलं नाही तर ग्राहक आयोग. सांताक्रूझकरांसाठी तो जवळच आहे, वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही सोय दिली. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची. अर्ज कसा लिहावा हे समजत नसेल, तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत शेजारीच आहे. विलेपार्ले पश्चिमेला कूपर रुग्णालयामागच्या ग्राहक भवनात तिचं कार्यालय आहे.

हे सगळं दुकान खरं असेल तेव्हाचं. इन्स्टाग्रामवर नामांकित ब्रँडचा लोगो लावलेलं, पत्ता नसलेलं, फक्त यूपीआयवर आगाऊ पैसे मागणारं पेज असेल, तर तो ग्राहक वाद नसून फसवणूक आहे. तिथे १९१५ नाही, १९३० वर फोन करायचा, आणि तोही लगेच. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवलं, तर ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा.