फवाऱ्याचं इंजिन चालत नाही

"सर, एवढ्यासाठी जपान कशाला? आपलं फवाऱ्याचं इंजन लावा नं."

जालन्याच्या मोंढ्याजवळ फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा हा सल्ला. त्याच्या फळीवर पाठीवरच्या पंपांची दहा-बारा इंजिनं उघडी पडलेली होती. मोसंबीच्या बागा आणि कापूस यांच्या जिवावर इथं टू-स्ट्रोक इंजिनाची जाण घराघरात आहे. रिंग झिजली की आवाज कसा होतो, हे बारावीतलं पोरगंही सांगतं. मी तो सल्ला थट्टेवारी नेला नाही. त्याच्याच तराजूवर २५ सीसीचं एक इंजिन ठेवलं, ओढदोरी आणि झाकणासकट. पावणेतीन किलो. माझ्या मॉडेल विमानाचा सांगाडा सर्व्हो, बॅटरी, चाकं सगळं धरून सव्वादोन किलो. मिस्त्री हसला. "म्हणजे इंजनाला विमान लावल्यासारखं होईल."

विमान म्हणजे क्विक फ्लाय मार्क थ्री. अमेरिकेच्या फिल क्राफ्टनं १९६७ साली कोर्सिकातल्या अजाक्सिओला रेडिओ-नियंत्रित कसरतींचं विश्वविजेतेपद जिंकलं ते याच रचनेवर. साधारण दीड मीटरचे पंख, सरळसोट अंग, नखरे काही नाहीत. नकाशावरून बाल्सा कापून ते बांधायला मला दोन पावसाळे लागले. नाक मात्र मोकळं राहिलं, कारण तिथं काय बसवायचं यावर माझंच माझ्याशी पटत नव्हतं.

त्या काळी स्पर्धेच्या नियमात इंजिनाला १० सीसीची मर्यादा होती, म्हणून कसरतीच्या विमानांची सगळी दुनिया 'साठ'वर येऊन थांबली. साठ म्हणजे ०.६० घनइंच, जवळपास १० सीसी. त्यामुळे आकाराचा प्रश्न माझ्यापुढं नव्हताच. प्रश्न होता कुठल्या काळातलं साठ घ्यायचं, हा. माझ्यापुढं तीन होते: पुण्याच्या एका परिचिताच्या माळ्यावरून आलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जुनं जपानी साठ, एका मित्राकडचं नव्या घडणीचं, हलकं आणि तेज टू-स्ट्रोक, आणि तिसरं १५ सीसीचं फोर-स्ट्रोक. विजेची मोटर बसवा, असंही सांगणारे भेटले. मोटर खरंच सोयीची, हे मी मान्य करतो. पण मला ते विमान एरंडेलाच्या धुरासकट हवं होतं. याला कारण विचारू नये.

फोर-स्ट्रोकचा आवाज मला मनापासून आवडतो. मोठा पंखा सावकाश फिरवतं, शेजारीपाजारी तक्रार करत नाहीत. पण ते जड, आणि दर काही उड्डाणांनी झडपांची फट मोजत बसावं लागतं. नाकात दीडशे-दोनशे ग्रॅम जास्त झाले की शेपटीत शिसं भरून तोल साधावा लागतो, म्हणजे दोन्ही टोकांनी वजन वाढतं. ते मी बाजूला ठेवलं.

नव्या टू-स्ट्रोकनं मला जास्त छळलं. ते जुन्यापेक्षा ताकदवान, शिवाय दीडशे ग्रॅमनं हलकं. कागदावर याहून चांगलं काय असणार? पण हे विमान जड इंजिन धरूनच आखलेलं. हलकं इंजिन बसवून पंखाखाली दोन बोटं लावली, तर शेपूट खाली गेलं. बॅटरी टाकीखाली पुढं सरकवली, तरी भागेना. शेवटी नाकात १०० ग्रॅम शिसं बांधावं लागणार होतं. वाचवलेलं वजन शिशाच्या रूपानं परत घ्यायचं, तर मग वाचवलं काय?

त्याहून मोठा मुद्दा उडवण्याच्या पद्धतीचा. साठ-सत्तरच्या दशकात कसरती समोर एका रेषेत करायच्या आणि दोन्ही टोकांना लांब फिरून पुन्हा वेग घेऊन यायचं, असा रिवाज होता. ऑस्ट्रियाच्या हॅनो प्रेटनरनं १९७७ साली 'कुरारे' या विमानावर विश्वविजेतेपद मिळवलं, तेव्हाही तसंच होतं. ऐंशीच्या दशकात टोकाचं वळणसुद्धा कसरतीतच धरलं जाऊ लागलं. मग विमानाला उभं चढत राहण्याची अखंड ताकद लागू लागली, इंजिनं वाढली, सगळा खेळच बदलला. क्विक फ्लाय हे त्याआधीचं विमान. ते सूर मारून वेग कमावतं आणि तोच वेग वरच्या वळणात खर्च करतं. त्याला फाजील ताकद दिली तर ते त्या चालीनं उडतच नाही, नुसतं ओढलं जातं. माझा कौल इथंच जुन्याकडं झुकला. पण झुकलेला कौल आणि चालणारं इंजिन यांत अंतर असतं.

जुनं साठ जाम होतं. पंखा धरून पिळला, तरी तसूभर हलेना. इंधनातलं एरंडेल वर्षानुवर्षं आत सुकून लाखेसारखं घट्ट बसलं होतं. अशा वेळी पान्यानं जोर लावणारा माणूस पिस्टनचा दांडा वाकवतो. यावर सोपा उपाय, ऊब. जालन्यात मे महिन्यात ऊब विकत घ्यावी लागत नाही. लोखंडी कढईत थोडं डिझेल घालून इंजिन त्यात बुडवलं आणि कढई गच्चीच्या पत्र्यावर ठेवली. दोन दुपारी काही झालं नाही. तिसऱ्या दुपारी हाताला चटके बसत असताना पंखा धरून हळूच हलवला, आणि मध पाघळावा तसा तो सुटला. एक्झॉस्टच्या तोंडातून विजेरीचा उजेड टाकला. पिस्टनच्या डोक्यावर भिंतीसारखी उभी कड दिसली. आत येणारं ताजं मिश्रण थेट बाहेर पडू नये, म्हणून जुन्या इंजिनांत ही भिंत असते. पुढं श्नूर्ले पद्धतीची तिरकी दारं आली आणि ती भिंत गेली. सिलिंडरवर ओरखडा नव्हता, रिंग मोकळी होती. मागचं बेअरिंग मात्र गंजलेलं निघालं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा हा प्रताप.

बेअरिंग जालन्यातच मिळालं. लोखंडाच्या गिरण्यांचं गाव असल्यामुळे बेअरिंग आणि लेथ या दोन गोष्टींना इथं कधी अडत नाही. एमआयडीसीतल्या एका टर्नरमामांकडं इंजिन नेलं. तीनशे किलोचे रोल तासणाऱ्या माणसानं ते तळहातावर घेतलं, पंखा फिरवून दाब अजमावला. "रिंग धरतेय," म्हणाले. मग सायलेन्सरचा जोड त्यांनी ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून असा तासला, की फटीतून केस जाऊ नये. त्या काळी ही इंजिनं बरेच जण उघड्या एक्झॉस्टनं उडवत. आज तसं केलं, तर शेजारच्या शेताची बैलजोडी बांध ओलांडून जाईल.

आता हवेचा हिशोब. पुस्तकातली ताकद समुद्रसपाटीच्या आणि १५ अंशाच्या हवेची असते. जालना साधारण ५०० मीटर उंचीवर. मे महिन्यात ४० अंशांत इथली हवा त्या पुस्तकी हवेपेक्षा १३ टक्के विरळ भरते. इंजिन हवा पितं, त्यामुळे ताकदही साधारण तेवढीच घटते. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत हीच घट ५ टक्क्यांवर येते. म्हणजे एकच विमान उन्हाळ्यात आळशी आणि हिवाळ्यात हुशार. यावर मोठं इंजिन घेणं हा एक मार्ग. मी त्याऐवजी पंखा बदलला. ११ बाय ८ ऐवजी ११ बाय ७, म्हणजे एका फेऱ्यात ८ ऐवजी ७ इंच पुढं जाणारा. इंजिनाचा श्वास मोकळा झाला.

इंधनानंही माझी बाजू घेतली. पाश्चात्त्य मंडळी इंधनात नायट्रोमिथेन घालतात. ते इथं महाग आणि सहजी मिळत नाही. मग ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल, एवढंच. मिथेनॉल परवानाधारक केमिकलवाल्याकडूनच घ्यायचं, कारण ते जीवघेणं विष आहे. शिवाय पेटलं तर उन्हात ज्वाला दिसतही नाही. एरंडेल मात्र चांगल्या घाण्याचं, वासाचं औषध न मिसळलेलं हवं. लहानपणी ज्या तेलाच्या नावानं पोटात गोळा यायचा, तेच आता मापट्यानं विकत घेतो. हे तेल बेताल तापलेल्या इंजिनातही धातूवर पापुद्रा धरून राहतं, म्हणून उन्हात त्याला पर्याय नाही. नायट्रो नसल्यामुळे दाब जरा जास्त लागतो. डोक्याखालची पातळ तांब्याची चकती काढून तो वाढवला.

सुरू करण्याआधी फेरेमापक तपासला. तो खरा आहे का, हे पाहायला महागडं काही लागत नाही, घरातली जुन्या चोकची ट्यूबलाइट पुरते. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन पात्यांच्या खुणेवर ठेवून तिच्यासमोर धरला, की मापकानं ३,००० दाखवायलाच हवेत. २,९९० आले. चालेल.

परवा पहाटे अंबड रस्त्याच्या पडीक रानात गेलो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, असल्याची खात्री आधीच केली होती. पलीकडं पऱ्हाट्या उभ्या, त्यात उतरलं तर पंखाच्या चिंध्या होणार. मिस्त्री आणि टर्नरमामा दोघंही आले होते. प्लगला दीड व्होल्टचा सेल लावला, तीन-चार झटके दिले, आणि जुनं साठ खोकत जागं झालं. सेल काढला, तरी चालत राहिलं. प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संगतीनं आपली आपण लाल राहते. मापकानं १०,९०० दाखवले.

"बास की आता," मिस्त्री म्हणाला. मी टाकीची नळी चिमटीत क्षणभर दाबली. फेरे ११,२०० वर चढले आणि मग कोसळू लागले, म्हणजे मिश्रण अजून श्रीमंत होतं. सुई अर्धा खटका आवळली. नाक वर करून विमान उभं धरलं, आवाज बदलला नाही. दुपारपर्यंत हवा तापेल, विरळ होईल, मग हेच मिश्रण आणखी श्रीमंत होईल आणि पुन्हा सुई फिरवावी लागेल. पण सकाळी सुईला जरा मोकळं ठेवलेलं बरं. दोन खटके सैल केले. मामांनी शेपूट धरलं होतं, त्यांना मान हलवून इशारा केला.

"सोडू?"

"सोडा."