आगबोट सिरोंच्याकडे का निघाली?

१८६० साली इंग्रजांनी निजामाशी तह केला आणि गोदावरीच्या डाव्या तीरावरचे काही तालुके पदरात पाडून घेतले. त्यांत सिरोंचाही होता. आज गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला हा मुलूख तेव्हाही सागवानाचा, तुरळक वस्तीचा, माडिया आणि तेलुगू बोलणाऱ्यांचा. शेतसारा म्हणाल तर जेमतेम. मग साहेबाला त्यात एवढा रस कशाचा? त्याच तहात आणखी एक कलम होते: गोदावरीवरून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची नाही.

साहेबाला नदी हवी होती. का हवी होती, हे समजायचे तर साडेतीनशे वर्षे मागे, लिस्बनच्या धक्क्यावर जावे लागते.

युरोपीय देश समुद्रावर का निघाले, याचे शाळेतले उत्तर ठरलेले आहे: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचा व्यापारी मार्ग बंद झाला, म्हणून नव्या वाटेचा शोध सुरू झाला. हे उत्तर अर्धेच म्हणावे लागेल. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसला पुढेही जातच होती. इजिप्त तुर्कांच्या हाती पडले ते १५१७ मध्ये, आणि वास्को द गामा कालिकतला पोहोचला होता १४९८ मध्येच. शिवाय पोर्तुगीजांनी आफ्रिकेतले सेउटा १४१५ मध्येच घेतले होते आणि तेव्हापासून ते किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत होते.

खरी अडचण होती ती वाटेतल्या हातांची. दर बंदरात जकात, दर टप्प्यावर नवा दलाल, वाळवंटात उंटाचे भाडे, आणि शेवटी व्हेनिसच्या सावकाराचा नफा. लिस्बनच्या बाजारात मिरी येईपर्यंत तिची किंमत कितीतरी पटींनी चढलेली असे. एकाच जहाजात माल भरून थेट आणला तर मधले सगळे गळतात, हा तो हिशेब.

धर्माचा जोश होता, आफ्रिकेतल्या सोन्याची हाव होती, शेजारच्या राजाशी चुरसही होती. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी १४९४ मध्ये तोर्देसियासच्या तहाने न पाहिलेले जगसुद्धा आपसात वाटून घेतले! पण जहाजे पुन्हा पुन्हा निघत राहिली ती माल परवडला म्हणून. मॅगेलनच्या ताफ्यातल्या पाच जहाजांपैकी एकच पृथ्वीप्रदक्षिणा करून १५२२ मध्ये परतले, अठरा माणसे घेऊन. मॅगेलन स्वतः वाटेतच मारला गेला होता. तरी त्या एका जहाजातल्या लवंगांनी मोहिमेचा बराचसा खर्च भरून काढला. १६०० मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी ईस्ट इंडिया कंपनी काढली, १६०२ मध्ये डचांनी आपली. त्यांचाही डोळा आधी मसाल्यांवरच होता.

एकोणिसाव्या शतकात मसाल्यांची जागा कापसाने घेतली. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत, आणि १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले. हिंगणघाटचा कापूस नावाजलेला खरा, पण तो समुद्रापर्यंत न्यायचा कसा? पूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून वऱ्हाडचा कापूस पार गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत. त्यात महिनोन्‌महिने जात आणि वाटेत पावसाने, धुळीने माल खराब होई.

नकाशा मात्र भुरळ पाडणारा होता. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आर्थर कॉटन या इंजिनिअरने १८५२ पर्यंत धवळेश्वरमचे धरण बांधून खालची गोदावरी कह्यात आणली होती. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, हा त्याचा आयुष्यभराचा हट्ट. त्यातून वरच्या गोदावरीत आगबोटी चालवण्याची योजना निघाली. खाली कापूस न्यायचा, वर मीठ आणायचे. काम कॅप्टन हेगकडे होते आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा तिला भक्कम पाठिंबा होता.

नदीला मात्र हे मान्य नव्हते. पात्रात तीन ठिकाणी खडकांचे लांबच लांब अडथळे होते: पहिला भद्राचलमजवळ दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर, अहेरी भागातल्या देवलमरीला. बोटी पुढे न्यायच्या तर बंधारे घालायचे, बाजूने कालवे खोदायचे आणि पाणी भरून बोट वर उचलणारे दरवाजे बसवायचे. हिवताप मजुरांना टिकू देईना. पावसाळा सरला की पाणी उतरे, आणि कापूस तर वेचला जातो नेमका त्यानंतर. एवढी साधी गोष्ट हिंगणघाटच्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितली असती.

स्थानिकांचा इंग्रजी राजवटीवरचा राग तर तहाच्याही आधी दिसला होता. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके यांच्या उठावात प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारायंत्राच्या कामावरचे दोन गोरे मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपुरात बाबुरावांना फाशी दिली.

जलमार्गाचा घात केला तो रेल्वेने. १८६७ मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस उन्हापावसाची पर्वा न करता पश्चिमेकडे धावू लागला. १८६५ मध्ये अमेरिकेचे युद्धही संपले होते. १८७१ मध्ये सरकारने गोदावरीचे काम थांबवले. सिरोंचा हे ठाणे असलेला अप्पर गोदावरी जिल्हा १८७४ मध्ये मोडला आणि सिरोंचा चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याची तहसील झाली.

जलमार्गाचे काम थांबले त्याच १८७१ मध्ये चांदा जिल्ह्याच्या उत्तरेला वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला, वाटेत हिंगणघाटला घेऊन. ही खाण १९०६ पर्यंत चालली.