शाळेंतील गायन आणि गायनशिक्षकाचा पगार

स्नेहसंमेलन जवळ आलें कीं शाळेच्या कपाटांतून पेटी बाहेर निघते, चार मुली स्वागतगीत बसवितात, आणि समारंभ आटोपला कीं पेटी पुनः वर्षभर कपाटांत जाते. बहुतेक शाळांतून गायनशिक्षण म्हणतात तें एवढेंच. ज्या महाराष्ट्राच्या पुत्रांनीं उत्तर हिंदुस्थानांत संगीताच्या शाळा स्थापिल्या, त्याला ही स्थिति शोभत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें. तोंपर्यंत विद्या हवी तर गुरूच्या घरीं राहावें, सेवा करावी, आणि मर्जी लागेल तेव्हां एखादी चीज पदरांत पाडून घ्यावी, असाच बहुधा प्रकार असे. पलुसकरांनीं वर्ग, क्रमिक पुस्तकें व परीक्षा यांची शिस्त घातली. १९०८ सालीं ते मुंबईस आले; पुढें तेथें संस्थेची इमारतहि उठली, परंतु ती कर्जावर! बुवांनीं गांवोगांव जलसे करावे आणि मिळकत सावकाराच्या पदरांत टाकावी, असें किती दिवस चालणार? १९३१ सालीं ते निवर्तले. त्यापूर्वींच ती इमारत लिलांवांत गेली होती.

याच्या उलट बडोद्याकडे पाहावें. तेथें सयाजीराव महाराजांनीं १८८६ सालीं मौलाबक्ष यांच्या हातीं गायनशाळा दिली व खर्च दरबारच्या तिजोरींतून चालविला. ती परंपरा आज बडोदें विद्यापीठांत नांदत आहे. पंडित भातखंडे यांनीं ग्वाल्हेरीस १९१८ सालीं शिंदे सरकारच्या आश्रयानें विद्यालय उभें केलें; लखनौस १९२६ सालीं निघालेलें त्यांचें विद्यालय तर आतां स्वतःच विद्यापीठ झालें आहे. पलुसकरांची तळमळ का कमी होती? उणीव होती ती तिजोरीची.

आतां आजच्या कायद्याकडे वळूं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत, शंभरांहून अधिक विद्यार्थी असल्यास, सहावी ते आठवीकरितां कलेचा एक अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. चित्रकला आणि गायन दोन्ही त्या एका ‘कला’ शब्दांत! चित्रकार मिळाला कीं गायन गेलें. पहिली ते पांचवीच्या मुलांकरितां, म्हणजे ज्या वयांत कान तयार होतो त्या वयाकरितां, तेवढेंहि नाहीं. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा नव्हे, शेंकडा ६ हिस्सा खर्चावा, असें कोठारी आयोगानें १९६६ सालीं सांगितलें. २०२० च्या धोरणानें तेंच पुनः सांगितलें. तो आंकडा अद्यापि गांठावयाचाच आहे.

कोणी म्हणेल, गणिताला मास्तर नाहीं तेथें गवई कशाला? परंतु असें म्हणणाराच आपल्या मुलीला संध्याकाळीं फी भरून गाण्याच्या क्लासास पाठवीत असतो. तिला शाळेनें शिकविलें नाहीं तरी चालेल. तिच्याच घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईच्या मुलीच्या गळ्यांत सूर असला, तर तिनें कोठें जावें?

सरकारी शाळांना व्यवस्थापन समिति असते. तिच्यांत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा हीच समिति करते, व अनुदानाची मागणी कायद्यानें त्याच आराखड्यावर उभी राहते. आमच्या वाचकभगिनींपैकीं ज्यांचीं मुलें अशा शाळेंत आहेत, त्यांनीं येत्या सभेंत दोन ओळी त्यांत घालून घ्याव्या: गायनशिक्षकाची स्वतंत्र नेमणूक, आणि त्याचा बारा महिन्यांचा पगार. पेटी आहेच.