विश्लेषण : एक व्हिसा, २९ देश... मग भिवंडीच्या यंत्रमागधारकाने अर्ज कोणत्या देशाकडे करायचा?

वस्त्रोद्योगातील यंत्रांचे ‘इटमा’ हे मोठे प्रदर्शन दर चार वर्षांनी युरोपात भरते. २०१९ मध्ये ते बार्सिलोनात झाले, २०२३ मध्ये मिलानमध्ये. पुढचे १६ ते २२ सप्टेंबर २०२७ दरम्यान जर्मनीतील हॅनोव्हरला आहे. साधे माग काढून रेपियर बसवण्याच्या विचारात असलेल्या भिवंडीकराला तिथे नवी यंत्रे चालताना बघता येतात. जमल्यास बेल्जियम किंवा इटलीतल्या कारखान्यातही डोकावता येते. मात्र यंत्राच्या भावाआधी गाठ पडते ती व्हिसाशी.

शेंगेन करार काय आहे?

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या छोट्या गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी सह्या केल्या. आपापसांतील सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे त्यात ठरले. पण घरातली आतली दारे उघडी ठेवायची, तर बाहेरच्या दारातून कोणाला घ्यायचे यावर सगळ्यांचे एकमत हवे. म्हणून १९९० मध्ये दुसरा करार झाला, त्यात समान व्हिसा आला आणि २६ मार्च १९९५ पासून तो प्रत्यक्षात उतरला. आज यात २९ देश आहेत. युरोपीय संघ आणि शेंगेन एकच, असे मात्र नाही. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत, तर आयर्लंड संघात असूनही बाहेर आहे. ब्रिटन यात कधीच नव्हता. त्यामुळे हॅनोव्हरहून लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचे असेल, तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेलच, शिवाय शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा.

अर्ज कोणाकडे करायचा?

‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथूनच काढून घ्या,’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो महागात पडू शकतो. नियमानुसार प्रवासाचा मुख्य उद्देश जिथे आहे किंवा जिथे सर्वाधिक दिवस मुक्काम आहे, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. प्रदर्शनासाठी हॅनोव्हरला चार दिवस, बेल्जियमला दोन आणि इटलीत तीन दिवस असतील, तर अर्ज जर्मनीकडे. विमान आधी ॲमस्टरडॅमला उतरते म्हणून अर्ज नेदरलँड्सकडे जात नाही. मुख्य ठिकाण ठरवताच येत नसेल, तेव्हाच पहिल्या प्रवेशाचा देश बघितला जातो.

प्रौढांसाठी व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३० हजार युरोंचा प्रवास-आरोग्य विमाही लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी भिवंडीकराला मुंबई गाठावी लागते. हे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

भिवंडीकरांची अडचण कुठे होते?

कागदपत्रांत. इथला बराच धंदा मजुरीवर चालतो. सूत व्यापाऱ्याचे, माग आपले आणि हिशेब मीटरवर. पन्नास माग चालवणाऱ्याच्या कागदांवरही उलाढाल दिसते ती फक्त मजुरीची. त्यात शेड वडिलांच्या नावावर, जीएसटी भावाच्या, बँक खाते फर्मचे आणि पासपोर्टवर नावाचे स्पेलिंग तिसरेच, असेही होते. घरात सगळ्यांना ठाऊक असलेले हे नाते व्हिसा अधिकाऱ्याला कागदावरच कळणार. मालकी, भागीदारी आणि खर्च कोण करणार हे साध्या पत्रात लिहून, निमंत्रणपत्र, आयकर विवरणपत्र आणि बँक स्टेटमेंटसोबत जोडणे म्हणूनच महत्त्वाचे. दौऱ्याआधी खात्यात एकदम मोठी रक्कम भरण्याने संशयच वाढतो.

नकार मिळाल्यास?

शुल्क परत मिळत नाही. नकाराची नोंद सामायिक संगणक प्रणालीत जाते आणि शेंगेनमधील इतर देशांच्या दूतावासांनाही ती दिसते. जर्मनीचा नकार लपवून इटलीकडे अर्ज करण्यात त्यामुळे अर्थ नाही. नवा अर्ज करता येतो, पण आधीची त्रुटी दूर करूनच. जर्मनीने तर फेरविचार अर्जाची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. आता नव्याने अर्ज करायचा किंवा कोर्टात जायचे.

व्हिसा मिळाला, आता किती दिवस राहता येते?

कमाल मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, तीही सर्व २९ देश मिळून. पण स्टिकरवर दोन गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात : व्हिसाची मुदत आणि मुक्कामाचे दिवस. मुदत महिनाभराची आणि दिवस १० असतील, तर १०च दिवस राहता येते. उतरल्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

पूर्वी हा हिशेब शिक्क्यांवरून व्हायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी चेहरा आणि ठशांची संगणकीय नोंद सुरू झाली. एका दिवसाचा जादा मुक्कामही आता यंत्रच दाखवते. ही तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावरच होते. ॲमस्टरडॅममार्गे हॅनोव्हरला जाणाऱ्याने पुढच्या विमानासाठी हाताशी वेळ ठेवलेला बरा. आतल्या सीमा खुल्या असल्या तरी पासपोर्ट हॉटेलात ठेवून रेल्वेत बसू नये. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि नंतर तिची मुदतही वाढवली.

वारंवार जाणाऱ्यांना सवलत आहे का?

आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी खास नियम आला. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. त्यासाठी पासपोर्टची मुदत पुरेशी शिल्लक हवी. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. म्हणजे २०२७ च्या सप्टेंबरच्या मध्यावर हॅनोव्हरला निघणाऱ्यासाठी मार्चच्या मध्यापासून खिडकी खुली होईल. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतो.