तिकूट लागलं, आता गप्प बसू नका

हातात दोन सत्ते असले, तर टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत आणखी एक सत्ता निघण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. म्हणजे आठ-नऊ डावांत एकदा. इतकी वाट बघून लागलेलं तिकूट नवखा खेळाडू लपवत बसतो. समोरचा बिथरू नये म्हणून पैसे न लावता ‘चेक’ म्हणतो. सिनेमातले जुगारी असंच करतात. स्वस्तातल्या ऑनलाइन पोकरमध्ये मात्र तिकुटाची खरी कमाई इथेच हातची जायची.

२०२५ च्या बंदीआधी बंगळुरूच्या येलहंक्यात रात्री मोबाइलवर रंगणारा १-२ रुपयांचा डाव डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाकडे २०० रुपये. पहिली पानं उघडेपर्यंत पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, २० रुपये जमले आहेत आणि टेबलावर राजा, सत्ता, तिरी. समोरच्याकडे एक राजा आहे, त्यामुळे तो खुशीत आहे. आता दर फेरीला पॉटच्या निम्मे लावले आणि तो तेवढेच पैसे लावून मागे येत गेला, तर त्याच्याकडून १०, २० आणि ४० असे ७० रुपये निघतात. पॉटच्या पाऊणपट लावले, तर १५, ३७ आणि ९३, एकूण १४५. बोली दीडपट, वसुली दुपटीहून जास्त, कारण प्रत्येक फेरीत पॉटच फुगत जातो. पहिली फेरी गप्प बसून काढली आणि मग निम्मे-निम्मे लावले, तर हाती फक्त ३० रुपये.

पण तो मागे येईलच कशावरून? स्वस्त टेबलांचा स्वभावच तसा आहे. दिवाळीत तीन पत्ती खेळणारा काका ‘बघू तरी काय आहे’ म्हणून चाल देतो, तसा इथला बहुतेक खेळाडू स्वतःच्या पानांपलीकडे पाहत नाही. राजाची जोडी सोडायला त्याचं मन होत नाही.

चार बदाम जमवून पाचव्याची वाट पाहणाराही असाच चिकट. पुढच्या पानावर बदाम येण्याची शक्यता साधारण १९ टक्के. पाऊणपट बोलीला मात्र ५० रुपयांच्या पॉटसाठी तो १५ रुपये मोजतो, म्हणजे ३० टक्क्यांचा भाव देतो. हा तोट्याचा सौदा त्याला आनंदाने करू द्यावा. याच कारणाने अशा टेबलावर थापा मारणं, म्हणजे ब्लफ, शुद्ध वेडेपणा आहे. जो पान टाकतच नाही त्याला घाबरवणार कसं?

एक्क्यांच्या जोडीलाही सुरुवातीलाच बोली चढवावी लागते. २२१ डावांत एकदा मिळणारी ही जोडी एका प्रतिस्पर्ध्यावर सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. चौघांना स्वस्तात आत येऊ दिलं, तर ५६ टक्क्यांवर घसरते. आणि दिवसभर नुसता ‘कॉल’ करणारा, म्हणजे मागे येत राहणारा, शांत गडी शेवटच्या पानावर अचानक बोली वाढवू लागला, तर एका जोडीचा मोह सोडलेला बरा. त्याच्याकडे खरंच काहीतरी असतं.

हिशोब असा पक्का, पण कायदा डळमळता. पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याचं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मानलं. २०२१ च्या ऑक्टोबरात राज्याने कायद्यात दुरुस्ती करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने त्या दुरुस्तीतल्या वादग्रस्त तरतुदी रद्द केल्या. मग करांनी गाठलं: एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कपात आणि ऑक्टोबरपासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी. तेव्हा २०० रुपये भरले, की त्यातले ४३ रुपये ७५ पैसे करात जात. बऱ्याच कंपन्या तेवढा बोनस देऊन भरपाई करत, ही गोष्ट निराळी.

शेवटी केंद्राचाच कायदा आला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली आणि कौशल्य की नशीब हा वादच बाजूला पडला: पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ सरसकट बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पोकरबाजीसारख्या अ‍ॅपनी पैशांचे डाव थांबवले.

पत्त्यांचं गणित शिकायचंच असेल, तर फुकटच्या चिप्सवर शिका. तिथे तर सगळेच मागे येतात, त्यामुळे तिकुटावर मोठी बोली लावायचा सराव छान होतो. खरे पैसे भरायला सांगणारं अ‍ॅप आज समोर आलं, तर मात्र एक रुपयाही भरू नका.